खळीचा पेला

मीठमावशींच्या खिडकीशी माणसं दोनच कारणांनी थांबायची. शिवायला टाकलेले कपडे न्यायला, नाहीतर दुखणं घेऊन. दुखणंवाले जास्त असायचे आणि बोलायचेही जास्त, त्यामुळे शिलाईचं काम बारा महिने मागे पडलेलं असे.

खिडकी तळमजल्यावर, गल्लीच्या तोंडाशी. आत शिवणयंत्र, त्याला खेटून इस्त्रीचं टेबल, आणि टेबल संपतं तिथे स्वयंपाकाचा ओटा, कारण खोलीच तेवढी. मावशी हॉटेलांतल्या वाढप्यांचे कोट शिवायच्या. कॉलर ताठ उभी राहावी म्हणून तिला खळ लावून कडक इस्त्री मारायच्या. मक्याचं पीठ पाण्यात पातळ शिजवलं की झाली खळ. मावशींनी शिवलेला कोट घातला की वाढपीसुद्धा मालकासारखा मान वर करून चालतो, अशी गल्लीत थट्टा होती.

मीठमावशी हे नाव त्यांना त्यांच्या औषधामुळे पडलं. कुणीही काहीही घेऊन येवो, त्यांचा पहिला शब्द ठरलेला. घसा धरला? मिठाच्या गुळण्या. दिवसभर उभं राहून पाय भरून आले? कोमट पाण्यात मूठभर मीठ टाका आणि पाय सोडून गप्प बसा. हिरडी ठणकते? पुन्हा मीठच. तेवढ्यानं भागलं नाही तर मग लवंग, आलं, मध, लिंबू, बर्फ, खायचा सोडा अशी पुढची फौज निघायची. जे घरात सापडत नाही त्याला त्या औषध मानतच नसत.

आणखी एक गोष्ट त्या कसोशीनं पाळत. कुठलाही उपाय आधी घरात, मग दारात. म्हणजे आधी नवऱ्यावर. यजमानांवर करून पाहिल्याशिवाय त्यांनी कधी कुणाला साधी गुळणीसुद्धा सांगितली नव्हती. "आमच्या ह्यांना लगेच उतार पडला," एवढं त्या म्हणाल्या की समोरचा मुकाट्यानं घरी जाऊन पाणी तापवायला ठेवी.

हे जे "आमचे हे", त्यांना सगळे काका म्हणत. काका भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. उलट्या खोक्यावर उभं राहून कोबीच्या आणि कांद्याच्या राशींची बोली लावायची, हेच त्यांचं काम. आवाज असा खणखणीत की बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला पोतं उचलणारा हमाल दचकून मागे बघे. घरी मात्र तोंड उघडायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येई. सगळा आवाज बाजारात संपवून यायचे. घरात "हो", "झालं", "राहू दे", आणि औषध घेतल्यावर मिशी पुसत, "उतार पडला गं." बस्स.

रोगी म्हणून मात्र काकांचा हात धरणारा कुणी नव्हता. कडू, तिखट, आंबट, जे पुढ्यात येईल ते नाक न मुरडता घ्यायचे. मावशी शेजारणींना सांगायच्या, "आमचे हे म्हणजे गुणी. एकदा नाही म्हणून म्हटलं नाही." शेजारणी हेव्यानं ऐकायच्या, आणि मावशींना ते ऐकवताना बरं वाटायचं.

त्या वर्षी उन्हाळ्यात काकांचा आवाज बसला. लिलाव पुकारणाऱ्याचा आवाज बसणं म्हणजे शिंपिणीच्या बोटाला सुई टोचणं, त्यात कुणाला काही नवल वाटलं नाही. मावशींनी मात्र कंबर कसली. गुळण्या, वाफारा, गळ्याभोवती लोकरीचं कापड, सकाळी मध, संध्याकाळी आलं आणि मिरीचा काढा. रोज काका कामावरून आले की त्या विचारायच्या, "आज कसं आहे?" काका म्हणायचे, "मोकळं वाटतंय." पण ते मोकळं वाटतंय म्हणणारा आवाजच लाकडावर करवत ओढल्यासारखा निघायचा. मावशींनी स्वतःची समजूत घातली, की आतून बरं झालंय, बाहेर यायला वेळ लागतोय. ऊन सरलं, हवा गार झाली, तरी समजूत काही त्यांनी सोडली नाही. मनासारखं ऐकायला मिळत असलं की माणूस कान टवकारून ऐकतो आणि डोळे मिटून घेतो.

मग एक दिवस असा आला की एका हॉटेलानं कोटांची घाई लावली. मावशी सकाळपासून यंत्रावरून उठल्या नव्हत्या. ओट्यावर दोन पातेली शेजारी शेजारी झाकून ठेवलेली, एकात काढा, एकात खळ. काका आले, हातपाय धुऊन खुर्चीत बसले. मावशींच्या ओठांत टाचण्या होत्या, एका हातात बाही. दुसऱ्या हातानं त्यांनी पातेल्यातून पेला भरला आणि काकांच्या पुढे धरला. काकांनी तो घोट घोट करून संपवला, मिशी पुसली.

"उतार पडतोय," ते म्हणाले. "आज आलं जरा जास्त घातलंस वाटतं."

मावशी हुंकार भरून पुन्हा शिवायला लागल्या. कोट पुरे झाले तेव्हा त्या कॉलरींना खळ लावायला उठल्या, आणि खळीचं पातेलं उघडून बघतात तर तळाशी थोडंसं उरलेलं. दुसरं उघडलं. काढा काठोकाठ, वर आल्याचे तुकडे तरंगताहेत.

आधी त्यांना हसू फुटलं. मक्याच्या पिठानं काही कुणाचं बिघडत नाही, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नव्हतंच.

"अहो, कॉलरची खळ प्यायलात तुम्ही. आता आठवडाभर मान ताठ राहील."

काकांनी हसायला हवं होतं. ते खुर्चीतच जरा सरळ बसले आणि म्हणाले, "तरीच घट्ट लागलं." मग त्यांची नजर जमिनीकडे गेली. चोरी पकडली गेलेल्या माणसाची नजर जाते तशी.

मावशींचं हसू अर्ध्यावर राहिलं. आलं नव्हतंच पेल्यात. मग जास्त कसं झालं? आणि उतार कशानं पडला?

कोट तसेच बिनखळीचे इस्त्री करून टाकले, आणि हॉटेलवाल्यानं दुसऱ्या दिवशी कुरकुर केली ती मुकाट्यानं ऐकून घेतली. त्यांच्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. आजवर गल्लीला जे जे सांगितलं ते सगळं काकांच्या शब्दावर. तो शब्दच जर असा, तर?

समोरच घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. मावशी तडक तिकडे गेल्या.

"खरं सांगा. तुमची दाढ लवंगेनं थांबली होती का?"

घड्याळवाल्यानं डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं. "थांबली म्हणजे, डॉक्टरकडे जाईपर्यंत दम निघाला. दाढ शेवटी काढावीच लागली."

"मला नाही सांगितलंत ते."

"पायांचं मात्र खरं हं, मावशी. मिठाच्या पाण्यानं माझे पाय हलके होतात ते होतातच."

"पायांचं राहू द्या. दाढेचं का नाही सांगितलंत?"

त्यानं हातातलं घड्याळ उगाच उलटंपालटं केलं. "तुम्ही एवढ्या मायेनं विचारता, की नाही म्हणायला जीभ रेटत नाही."

मावशी परत आल्या. खिडकीचं दार लावून घेतलं, जे दिवसा त्यांनी कधी लावलं नव्हतं, आणि काकांची वाट बघत बसल्या. ते आले तसं त्यांनी विचारलं.

"कधीपासून खोटं बोलताय माझ्याशी?"

काका त्या फाटक्या आवाजात म्हणाले, "खोटं असं नाही गं. लग्न झालं त्या वर्षी मला ताप आला होता, आठवतं? तू उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवल्यास. मी म्हटलं, बरं वाटतंय. ताप होताच. पण तुझा चेहरा असा फुलला की... मग पुढच्या वेळीही म्हटलं. मग अंगवळणीच पडलं."

"आणि मी ते गल्लीभर सांगत सुटले."

"बऱ्याच जणांना गुण आलाच की."

"मला माझं कौतुक नकोय. घशाचं काय ते सांगा. माझी शपथ आहे."

काका खिडकीकडे बघत राहिले, बंद होती तरी. "घास उतरत नाही," ते म्हणाले. "बाजारात मी पाव पाण्यात बुडवून खातो. गिळलं की कानापर्यंत कळ जाते." मग त्यांनी मावशींचं बोट धरलं आणि आपल्या जबड्याखाली टेकवलं. तिथे गाठ होती. कोटाच्या बटणाएवढी, टणक, दाबली तरी न हलणारी.

या गळ्याला त्यांनी महिनोन्‌महिने लोकर गुंडाळली होती. गुंडाळताना बोट जरा वर गेलं असतं तर हाताला लागली असती. त्यांना आधी काकांचा संताप आला, आणि त्याच्या मागोमाग स्वतःचा आला, तो काही केल्या जाईना.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई कामात बुडालेल्या पण शांत होत्या. त्यांनी विचारलं, "आवाज कधीपासून बसलाय?"

काकांनी बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, "झाले थोडे दिवस."

"उन्हाळ्यापासून," मावशी म्हणाल्या. "यांचं ऐकू नका. मला विचारा."

तपासण्या झाल्या. तुकडा काढून पाठवला गेला. मग डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की स्वरयंत्रावर गाठ आहे, वाईट जातीची. ती काढायची तर आवाज जाईल. माणूस वाचेल अशी त्यांना आशा आहे, पण शब्द देता येणार नाही.

मावशींनी विचारलं, "माझ्या औषधांनी वाढलं का?"

"नाही. मीठ, मध, आलं, यांनी काही बिघडलेलं नाही. गुळण्या तर आम्हीही सांगतो. पण आवाज बसून तीन-चार आठवडे झाले की घरात थांबायचं नसतं." त्या जरा घुटमळल्या. "वेळ गेला, एवढंच."

एवढंच म्हणाल्या खऱ्या. मावशींना ते एवढंच घरापर्यंत पेलवेना.

ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत खिडकी पुन्हा उघडी झाली, कारण कोट शिवायलाच हवे होते. माणसं येतच राहिली. पण मावशींच्या तोंडून आता मीठ पहिल्यांदा निघेना. "कधीपासून दुखतंय?" असं विचारायच्या, आणि उत्तर ऐकल्यावर पुन्हा विचारायच्या, "नक्की?" खोकला घेऊन आलेल्या एका बाईला त्यांनी तीनदा उलटतपासणी घेऊन दवाखान्यात पिटाळलं. ती बाई जाताना पुटपुटली, की मावशींचा स्वभाव हल्ली बदलला.

काका शेवटचा लिलाव पुकारायला गेले नाहीत. पुकारण्याजोगा आवाज उरलाच नव्हता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मावशींनी त्यांना जवळ बसवून बजावलं, "आता दुखलं तर दुखतंय म्हणायचं. खाणाखुणांनी का होईना. मला बरं वाटावं म्हणून काही करायचं नाही." काकांनी मान डोलावली. "हो," ते म्हणाले. मावशींनी तो हो ऐकला, आणि हा त्यांच्या आवाजातला शेवटचाच असेल की काय, हे मनात येऊ नये म्हणून उठून उगाच भांडी घासायला घेतली.

ऑपरेशन पार पडलं. काका शुद्धीवर आले तेव्हा गळ्याला नळी होती आणि सगळा गळा पांढऱ्या पट्टीत होता. मावशी पलंगाशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. नर्स आली, काकांवर वाकून म्हणाली, "बोलायचं नाही हं. मी विचारते, तुम्ही बोटांनी सांगा. थोडं दुखत असेल तर एक बोट. फार दुखत असेल तर पाची. सांगा, किती?"

काकांनी डोळे वळवून मावशींकडे पाहिलं. मग एक बोट वर केलं. तेही नीट सरळ नाही, लागलीच मिटून घेतलं. डोळ्यांत तेच जुनं समाधान आणायचा प्रयत्न करत होते.

"शाब्बास," नर्स म्हणाली आणि पुढच्या पलंगाकडे वळली.

मावशींचं लक्ष काकांच्या दुसऱ्या हाताकडे होतं. त्या हातानं त्यांनी पलंगाची दांडी इतकी घट्ट धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. खोटं सांगताहेत हे, असं नर्सला ओरडून सांगावंसं मावशींना वाटलं. पण शपथ घालून झाली होती, बजावून झालं होतं. त्या समोर होत्या तोवर हा माणूस बरं वाटतंय म्हणायचं सोडणार नव्हता. त्यांच्यावर त्याची माया होती, आणि त्या मायेपायीच तो असा निमूटपणे सोसत पडला होता. हे कळलं तेव्हा मावशींचा राग उतरला.

त्या उठल्या. "मी जरा चहा घेऊन येते," असं काकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या. जाता जाता नर्सच्या दंडाला हात लावून हळूच सांगितलं, "मी बाहेर गेले की त्यांना पुन्हा विचारा. मी दिसणार नाही तेव्हा."

दाराला काचेची एक अरुंद पट्टी होती. मावशी तिच्या कडेला भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. नर्स पलंगाशी परत आली, वाकली, ओठ हलले. काकांनी आधी दाराकडे पाहिलं. दार बंद आहे हे नीट बघून घेतलं. मग दांडीवरचा हात सुटला आणि हळूहळू वर आला. पाची बोटं उघडी. हात तसाच वर राहिला, आणि काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत कानांपर्यंत गेलं.

नर्सनं घाईघाईनं सुई भरली. मावशींनी पदर तोंडाशी धरला. आत धावत जाऊन तो हात हातात घ्यावा यासाठी त्यांचा जीव तुटत होता. औषध लागून काकांना झोप लागेपर्यंत त्या दाराबाहेरच उभ्या राहिल्या.