चिलीच्या वाळवंटातले अळीव

जगातल्या सर्वांत कोरड्या वाळवंटात मी अळीव उगवून दाखवले आहेत. (तेही आखातातल्या, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या बाल्कनीत!)

सहावीतल्या इराला शाळेसाठी चिली देशाचं मॉडेल करायचं होतं. पडवळासारखा लांबडा देश. एका टोकाला वाळवंट, दुसरीकडे पाऊस, जंगल, बर्फ. मातीचं काम म्हटल्यावर मी बाह्या सरसावल्या. लहानपणी दिवाळीत किल्ले केलेला माणूस मी! अँडीज पर्वतालाही बुरूज काढला.

"बाबा, इट्स अ माउंटन. नॉट अ फोर्ट!" इराने बुरूज पाडला.

जंगलासाठी अळीव पेरायचे होते. तिने खूण केली दक्षिणेला. मला हसू आलं. थंडी उत्तरेला, ऊन दक्षिणेला, एवढं कळू नये? ती क्लासला गेल्यावर मी गुपचूप उत्तरेला अळीव पेरले, पाणी शिंपडलं.

इरा परतली, दक्षिणेला तिने स्वतः अळीव पेरले आणि उत्तरेवर वाळू पसरली. (वाळूला इथे काय तोटा!)

"अगं, उत्तर थंड ना?"

"तिथे उलटं असतं, बाबा. नॉर्थ इज द डेझर्ट. ड्रायेस्ट इन द वर्ल्ड!"

माझ्या अळिवांचं कशाला सांगा? वाटलं, वाळूखाली मरतील.

मेले नाहीत! मॉडेल न्यायच्या दिवशी सकाळी वाळवंट हिरवंगार.

"आई! व्हाय डिड यू वॉटर द डेझर्ट?"

"मी तिकडे थेंब टाकला नाही!" रोज पाणी मारणारी मेधा म्हणाली.

दोघी माझ्याकडे बघू लागल्या.

"हवा दमट आहे," मी म्हणालो.

"हवेतून अळीव पडतात का रे?"

मी टोस्टला लोणी लावत राहिलो. इराने आईच्या हातून डबासुद्धा घेतला नाही. मीच घेतला आणि मांडीवर ठेवून गाडी काढली. सिग्नलला बोललोच.

"आईचा दोष नाही. मी पेरले. वाटलं, तू चुकलीस."

तिने मागच्या सीटवर चिली घट्ट धरली. मग म्हणाली, "यू कुड हॅव आस्क्ड मी."

खरंच की. घरात कुणाला काही विचारायचं असतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

शाळेच्या दारात गाडी लावून मेधाला फोन केला, सगळं सांगितलं.

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "तू कधी बोलतोस, तेवढंच बघत होते."

संध्याकाळी इरा मॉडेल घेऊन आली. त्या वाळवंटात क्वचित पाऊस पडला की फुलं उगवतात, असं तिने वर्गात ठोकून दिलं होतं. (ते खरंही आहे म्हणे!) हिरवळीत कागदाची पाटी रोवली होती: 'रेअर वेदर इव्हेंट: माय डॅड.'

मेधाने ती वाचली, पेन घेतलं आणि 'रेअर'वर तेवढी काट मारली.