मार्ताबाई, जाणार कधी?

किराणा दुकानात एक माल असा असतो, की तो बीडहून आणावा लागत नाही अन् कधी संपतही नाही. किस्से! साखर मोजता मोजता कानावर येतात, साठतच जातात. त्यात आमच्या मागच्या दोन खोल्यांत मार्ताबाई राहायला आली, अन् मग तर विचारूच नका.

मार्ताबाई इटलीची. साठीची बाई, चित्रं काढते. वडवणीजवळच्या आमच्या या गावात आधी एकदा येऊन गेली, मग तिकडचं घर विकून कायमचीच आली. का, तर इथलं ऊन आवडलं म्हणे! मी म्हटलं, "बाई, पाहिजे तेवढं घे. आम्हाला लई झालंय."

*

आल्या आल्याच तिनं शिवारात स्टँड लावला. एक डोळा मिटून, हात लांब करून ब्रशनं झाडं मापायला लागली. चित्रकार लोक तसंच करतात म्हणे. पण गावात बोंब झाली, मोजणी आली!

ज्या दोन भावांमध्ये बांधावरून उभा दावा, ते दोघं पळतच तिथं पोचले. तिला तेव्हा मराठी जेमतेम. "चित्र, चित्र!" एवढंच म्हणत राहिली. दोघं चित्र बघून घरी गेले.

संध्याकाळी थोरला एकटाच मागच्या दारानं आला, पिशवीत अंडी घेऊन.

"मार्ताबाई, चित्रात तो बांध तेवढा हातभर पलीकडं सरकवा की!"

*

पुढं मराठी ती आमच्याच वट्ट्यावर बसून शिकली. त्यामुळं पुस्तकी नाही, आपली बीडची. एकदा एसटीत तिला बघून कंडक्टरनं कॉलर नीट केली अन् शाळेपासून राखून ठेवलेलं सगळं इंग्लिश बाहेर काढलं.

"मॅडम, व्हेअर यू आर गोइंग, प्लीज?"

"वडवणी. अन् सुट्टे न्हाईत माझ्याकडं, आधीच सांगते!"

अख्खी एसटी हसली. बिचारा कंडक्टर वडवणीपर्यंत तिच्याकडं बघेना.

*

आमचे शेजारी नामदेवतात्या. दरसाल ऊसतोडीला जातात. एकदा तिच्यासमोर चित्राला बसले, नवा शर्ट घालून. चित्र झालं, तर तात्यांच्या कपाळावर आठ्या.

"बाजूला एवढी जागा मोकळी कावून सोडली वो?"

"ती तशीच ठेवायची असते, तात्या."

"वाया चालली की! तिथं आमच्या म्हाताऱ्याला बसवा."

म्हातारा जाऊन कैक वर्षं झालेली, फोटो एक नाही. तात्या नाक सांगत गेले, मिशा सांगत गेले, ती काढत गेली. झाल्यावर तात्यांनी चित्र जवळ ओढलं. मग धोतरानं डोळे पुसले अन् म्हणाले,

"मागं अजून बैल बसतोय की!"

*

एक गोष्ट मात्र मार्ताबाईला फार लागायची. जो तो तिला विचारायचा, "मग, जाणार कधी?" आता आपल्याकडं माहेरी आलेल्या लेकीलाही हेच विचारतात, काहीतरी बोलायचं म्हणून. पण हिचा चेहरा उतरायचा. एके दिवशी माझ्यासमोर रडलीच.

"अक्का, मी पाव्हणी न्हाई. काय करू म्हंजी हे इचारणार न्हाईत?"

मी चहा टाकला.

*

दिवाळी झाली की आमचं अर्धं गाव ऊस तोडायला जातं. घराला कुलूप अन् किल्ली आमच्या दुकानात, ही सासूबाईंच्या वेळेपासूनची पद्धत. ते गेल्यावर आम्ही घर झाडायचं, देवापुढं दिवा लावायचा, कोंबड्या बघायच्या. त्या वर्षी ट्रॅक्टर दारात उभा, अन् तात्यांची बायको गंगूबाई माझ्यासमोरून तरातरा मागं गेली. किल्ली दिली मार्ताबाईच्या हातात! मग तिच्या मागून बाकीच्या बायका.

मला रागच आला. "कावून गं, मी मेले का?"

"तसं न्हाई अक्का. तुमाला दुकान हाय, दुपारची झोप हाय. हिला काय हाय? काम ना धाम, दिवसभर वट्ट्यावर बसून चित्रं काढती. घरावर नजर तरी ऱ्हाईल!"

हे ऐकून खरं तर तिनं चिडायला पाहिजे. पण ती किल्ल्या छातीशी धरून ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत हात हलवत होती. "लवकर या, लवकर या!"

*

संक्रांतीच्या सुमारास इटलीहून तिचा भाऊ आला. बघतो तर दारोदार कुलपं, रस्त्यावर कोंबड्या अन् कोंबड्यांमागं त्याची बहीण, कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा! बिचारा हादरलाच. वट्ट्यावर बसून, तिचा हात धरून त्यांच्या भाषेत कळवळून बोलायला लागला. मला एक अक्षर कळेना, पण सूर कळला. गेली ही, म्हटलं.

"काय म्हणतोय गं?"

"इचारतोय, परत घरी कधी येणार. माझ्यासाठी खोली तयार ठेवली म्हणतो."

मग ती भावाकडं वळली. कमरेचा जुडगा काढून त्याच्या तोंडासमोर खळखळ वाजवला, अन् गडबडीत त्यालाही मराठीतच म्हणाली,

"कशी येऊ रं? गावाच्या किल्ल्या माझ्याकडं हायत!"