वलांड्यांनी अडवलेलं विमान

देवी पाठीशी होती म्हणून वाचलीस, असं आई फोनवर सांगत होती आणि मला देवीचाच राग येत होता. पाठीशी होती, तर विमान घसरलंच कशाला?

उरणकडे खाडीलगतच्या एका छोट्या धावपट्टीवर मी विमान चालवायला शिकते. त्या सकाळी एकटीच उतरत होते. बाजूने वारा आला आणि मी सावरायला उशीर केला. चाकं आपटली, विमान उसळलं आणि तारेचं कुंपण तोडून खाडीकडे निघालं. ब्रेक दाबले, उपयोग झाला नाही. "देवीआई, सांभाळ गं," एवढंच तोंडून निघालं. पुढे कोळणींच्या वलांड्या होत्या, बोंबील वाळत घालायला बांबू रोवून दोऱ्या बांधलेल्या. विमान त्यांत गुंतलं आणि पाण्याच्या अलीकडे थांबलं. एका मावशीने दार उघडून मला ओढून बाहेर काढलं. तिची सगळी मासळी चिखलात गेली होती. मी रडत माफी मागितली, तर म्हणाली, "पोरी, तू हायस ना? मंग झालं. बोंबील दर्या परत दील."

खरा संताप पुढेच होता. वलांड्यांवर पक्षी जमतात, म्हणून त्या हटवायचा आमच्या संस्थेचा जुना हट्ट. मुख्य प्रशिक्षक मला म्हणाले, "अपघाताच्या अहवालात पक्षी आडवा आला असं लिही. तुझी चूक दिसणार नाही आणि ती घाणही एकदाची जाईल."

घाण! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांच्यामुळे मी जिवंत, त्यांच्याच पोटावर पाय द्यायचा, आणि तोही माझ्या हातून? पण खरं लिहिलं तर माझं उडणं बंद होणार, हेही कळत होतं. खोलीत बसून मी देवीशी कडाकडा भांडले. जीव दिलास तो असलं लिहायला? भांडता भांडताच कागद पुढे ओढला. पक्षी नव्हता, चूक माझी होती, असं लिहून दिलं.

मला एकटीने उडायला बंदी झाली. वलांड्या जागेवर आहेत. सरांवरचा राग काही भक्तीने गेलेला नाही, आणि जावा असंही वाटत नाही. खरं लिहायचं बळ देवीने दिलं. पुन्हा उडू द्यायचं की नाही, ते तिच्यावर सोडलंय. रोज सकाळी इतरांची विमानं खालून बघताना हेवा वाटतो, आणि तरीही हात जोडले जातात.