टबाच्या तळाशी सापडलेल्या वस्तू

इथले अनुभव मी आजवर जेवताना वाचायचो आणि बायकोला वाचून दाखवत हसायचो. भूत-बित, करणी, चकवा... आपला कशावरच विश्वास नाही. मोटर जळाली तर वायंडिंग तपासायचं, नारळ फोडत बसायचं नाही, असा माझा खाक्या. त्यामुळे आज हे लिहिताना जरा लाजच वाटतेय.

केडगावात, पुणे रोडवरून थोडं आत, माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मागेच घर. आणि नाद एकच — जुन्या ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन. ज्यांचं बटण कर्रकर्र फिरवावं लागतं आणि ज्या पिळायला लागल्या की फरशी हादरते, त्या. मिळेल तिथून आणायच्या, पूर्ण खोलायच्या, बेअरिंग-रबर बदलून पुन्हा चालत्या करायच्या. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सहा-सात उभ्या आहेत. रोहिणी, म्हणजे माझी बायको, त्यांना ‘माझ्या सवती’ म्हणते.

गेल्या हिवाळ्यात भंगारवाल्या रफिकभाईंचा फोन आला. शिर्डीत एका लॉजचं काम काढलं होतं आणि गच्चीवर एक जुनी फ्रंट लोड पडून होती. टेम्पोतून उतरवताना ते म्हणाले, "लई वर्सं पानी लागलं न्हाई हिला. पन पत्रा बगा, जरा बी सडला न्हाई." खरंच सडला नव्हता. मी खूश.

ज्यांनी मशीन खोललीय त्यांना माहीत असेल... कपड्यांचा ड्रम आत फिरतो आणि त्याच्या बाहेर पाणी धरणारा टब असतो. या दोघांमधल्या फटीत लोकांच्या वस्तू जाऊन अडकतात. नाणी, पिना, बटणं, काहीही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने त्यांच्यावर क्षाराचा पांढरा थर चढतो. जाड थर बसायला वर्षं लागतात.

आधी हीटर काढला, तर त्या भोकातून एक किल्ली निघाली. क्षार खरवडला. हुबेहूब आमच्या लोखंडी कपाटाच्या किल्लीसारखी. गंमत म्हणून लावून पाहिली आणि कपाट उघडलं. एकाच कंपनीच्या किल्ल्या लागतात कधी कधी, असं म्हणून मी सोडून दिलं. पुढे त्याच आठवड्यात आमची किल्ली हरवली, ती अजून सापडलेली नाही. रोहिणी म्हणाली, "बघा, सवतीनं आधीच सोय करून ठेवली." आम्ही दोघंही हसलो.

मग ड्रम बाहेर काढला. खाली टबात तांब्याचं कडं होतं. माझे वडील, अण्णा, कोपरगावला माझ्या धाकट्या भावाकडे असायचे. संधिवातासाठी त्यांच्या हातात कैक वर्षं असंच कडं होतं. एक टोक मनगटाला टोचायचं म्हणून त्यांनी स्वतः पकडीने पिळून वळवलेलं. या कड्याचं टोकही तसंच वळलेलं. मी लगेच फोन लावला.

"अण्णा, तुमचं कडं हातात आहे ना?"

"हाय की. जानार कुटं? का रं, काय झालं?"

"काही नाही, सहज विचारलं."

पंधरवडाही गेला नसेल... अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात तपासणीसाठी हातातलं कडं काढायला लावलं. अण्णा परत आले नाहीत. घड्याळ, चष्मा, पाकीट भावाला मिळालं, कडं मिळालं नाही. बिचारा ते शोधायला दोनदा जाऊन आला. आणि इकडे माझ्या टेबलाच्या खणात एक कडं पडलेलं, क्षार अर्धा खरवडलेलं. त्याला काय सांगणार होतो?

रोहिणीला मात्र सांगितलं. ती म्हणाली, "ती मशीन उद्याच्या उद्या बाहेर काढा." मलाही तेच हवं होतं. पण आत अजून काही आहे का, हे बघितल्याशिवाय चैन पडेना. भर दुपारी टब उजेडात ओढला आणि स्क्रू ड्रायव्हरने तळाचा क्षार फोडायला लागलो. एक ढेकूळ सुटलं. त्यात चांदीची दोन जोडवी होती, काळी पडलेली. एक जोडवं बाजूने चेपलेलं, आणि सैल होऊ नयेत म्हणून दोन्हींना आतून लाल दोरा गुंडाळलेला.

मागे रोहिणी चहा घेऊन उभी होती. मी मूठ मिटली, पण तिने पाहिलं होतं. माझी नजर तिच्या पायांकडे गेली. जोडवी तिच्या बोटांत होती. उजव्या पायातलं उंबऱ्याला ठेचकाळून चेपलेलं, आतून तोच लाल दोरा. बाईची जोडवी कधी उतरवतात हे आम्हाला एकमेकांना सांगावं लागलं नाही. अण्णांच्या वेळी आईची उतरवताना रोहिणीच तिच्या शेजारी बसली होती.

तिने कप खाली ठेवला, जमिनीवर बसली आणि बोटातलं जोडवं ओढायला लागली.

"अगं, काय करतेस?"

"काढते. तुम्ही समोर असताना, माझ्या हातानं. म्हणजे दुसऱ्या कुणाला काढायला नकोत."

मी तिचा हात धरला. "सोडा," ती म्हणाली. तिने दोन्ही जोडवी त्या टबात टाकली. धातूवर धातू आपटल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला.

मी वाकून पाहिलं, तर टब रिकामा होता. हात फिरवला. पालथा करून हलवला. भोकांतून पडली असतील म्हणून खालची झाडलेली फरशी चाचपली. कुठेच नाहीत... माझ्या मुठीत ती काळी पडलेली जोडी मात्र होती.

यावर मी खूप डोकं चालवलंय. किल्ली योगायोग म्हणू, कडंही म्हणू. पण त्या दुपारी टाकलेली जोडवी गेली कुठे? रफिकभाई टब परत मागत होते, मी दिला नाही. कुणाच्या घरी जाईल, कुणी सांगावं?

रोहिणीची बोटं आता मोकळीच असतात. हळदीकुंकवाला बायका बघतात, आईही एकदा बोलली. ती ‘टोचतात’ म्हणून वेळ मारून नेते. जोडवी टबात टाकून तिने ते टाळलं, की जे व्हायचं होतं त्याचीच सोय करून दिली, हे आम्हाला माहीत नाही. पण रोज सकाळी उठली की ती आधी माझ्या छातीवर हात ठेवून बघते. मी जागाच असतो. तिचा हात निघेपर्यंत डोळे मिटून पडून राहतो.