शंखाला लागलेलं रक्त

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी आरती झाल्यावर शंख पुसायला घेतला, तर त्याच्या तोंडाशी रक्त... माझंच.

नागावला आमच्या वाडीशेजारच्या शिवमंदिरात बरीच वर्षं मी शंख वाजवतो. त्या दिवशी तो तीनदा धुतला, पण पुन्हा ओठाला लावायचा धीर होईना.

विशीपासून मी रोज सकाळी मशेरी लावायचो. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड बोटाने घासली की दात साफ, अशी समजूत. यंदा श्रावणापुरती देवासाठी सोडली... आणि नेमकं आता रक्त!

"सोडलीस म्हणूनच झालाय तुला. मशेरीनं हिरड्या घट्ट ऱ्हातात," झांज वाजवणारा बाळू म्हणाला. "थोडी लाव गुपचूप. महादेव काय डबी हुंगायला येतोय?"

खरं सांगतो, मला पटलं. घरी येऊन फळीवरची डबी काढलीसुद्धा.

"अहो, देवाला सोडलेलं महिनाभर तरी पाळा," म्हणत बायकोने ती हातातून घेतली. "आणि उद्या अलिबागला दात दाखवून या."

दातांच्या डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. मी बाळूचं म्हणणं सांगितलं, तर हसल्या. "काका, उलटं आहे. तंबाखूने हिरड्यांतून रक्त येणं कमी होतं, म्हणून आजार दिसतच नव्हता. सोडलीत म्हणून कळलं."

दातांच्या मुळाशी कीटण साचून हिरड्या सुटत आल्या होत्या. पुढचा एक दात हलत होता. "शुगर कधी तपासलीत? तीही हिरड्या खाते," त्या म्हणाल्या. कधीच तपासली नव्हती... वडिलांना होती, तरीही. रिपोर्टमध्ये वाढलेलीच निघाली.

कीटण काढलं, गोळ्या सुरू झाल्या, ब्रश धरायलासुद्धा नव्याने शिकलो. दात मात्र वाचला नाही. शंख वाजेल ना, एवढंच मी विचारलं. "जखम भरू द्या, मग वाजवा. पण मशेरी पुन्हा नको."

महिनाभर बाळूने शंख वाजवला, बराचसा फुसकाच. मग एका सोमवारी मी घेतला. फटीतून हवा जाते, सूर थोडा हलतो... पण पुसायच्या फडक्यावर डाग नव्हता.

देवासाठी काहीतरी सोडतोय, याचा मला जरा अभिमानच होता; त्या सोडण्याने वाचलो मात्र मीच. आता त्या डबीत आरतीचा कापूर असतो, आणि ती उघडताना मान आपोआप खाली जाते.