आधी व्हायोलिन, मग बेस

मंडळी, दुपारची एक गोष्ट डोक्यातून जाऊन न्हाई राहिली, म्हणून लिहितोय.

लातुरात एका क्लासच्या पोरांचा सत्कार होता. कीबोर्डवर मी. संयोजक म्हणाले, "डायरेक्ट बेस द्या, पोरं लई खूश होतात." दिला, स्पीकरमधून तो खोल धडधडता आवाज. हॉलची फरशी हादरली आणि तिसऱ्या रांगेतली एक आजी नातीला ओढत दाराकडं पळाली.

तवा चाचांची आठवण आली. माझे उस्ताद मेहबूबचाचा. डिस्कोच्या ठेक्यावर आठ व्हायोलिन लावून त्यांनी अख्खा जिल्हा नाचवला. पण त्र्याण्णवच्या भूकंपानंतर त्यांचं प्रत्येक गाणं नुसत्या व्हायोलिननं सुरू व्हायचं. का, विचारलं तर म्हणाले, "पहिले माणसाला सांगायचं, बाबा, गाणं येऊन राहिलंय. मग जमीन हलवायची." त्यांच्या हाताखालचे आम्ही सगळे तसंच वाजवायचो. आज मी विसरलो.

पुढची सगळी गाणी मी व्हायोलिनच्या सुरानं सुरू केली. तरी आजी आत आली न्हाई. शेवटपर्यंत दारातच उभी होती, नातीचा हात घट्ट धरून.

उद्या औशाला कार्यक्रम हाय. तिथंही डायरेक्ट बेसच पाहिजे म्हणतात. तुमच्या घरात त्या भूकंपापासून अजून कुणी दाराजवळच झोपतं का?