केळीच्या चिकातली झुंबरबाई

केळीचा घड कापला की दांड्यातून चीक गळतो. आधी तो अगदी पाण्यासारखा. सदऱ्यावर पडला तर कळतही नाही. दुपार कलेपर्यंत तपकिरी होतो, आणि मग आपटा किती आपटायचं ते. कापड फाटेल, डाग जायचा नाही. फैजपूरकडच्या मळ्यांत घड कापणाऱ्या वना मजुराचा एकही सदरा बिनडागाचा नव्हता.

१९८८ साली त्याची बायको झुंबरबाई तापात गेली. पुण्यानुमोदनाच्या विधीला माणसं फुलं घेऊन आली आणि इकडेतिकडे बघू लागली. "फोटो कुठंय?" फोटो कुठला! जन्मभर लोकांची केळी जिने डोक्यावर वाहिली, तिचा चेहरा उतरवून घ्यावा असं कुणाला वाटलंच नव्हतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याखाली मोकळी जागा. फुलं तिथेच ठेवली.

वनाच्या ते जिव्हारी लागलं. वर एक भीती बसली. आपणच तिचं तोंड विसरलो, तर झुंबर राहिली कुठे?

मग त्याने करवंटीत चीक धरला. केळीच्या खोडाच्या सोपटाचा तुकडा ठेचून कुंचला केला. धुतलेल्या धोतराचं फडकं फळीवर ताणलं आणि बायको काढायला बसला.

मुकादम लोटन हसला. "वना, चित्रंच काढायचीत तर भुसावळहून रंगाचा डबा तरी आण की!"

"डब्यातला रंग तिला ओळखतो का? चीक तिच्या लुगड्यावर वीस वर्षं होता. आणि तुझ्या बायकोचा फोटो आहे ना घरात? मग तू गप."

पण चिकाचं काम आंधळं. ओली रेघ दिसत नाही. अदमासाने ओढायची आणि वाट बघत बसायचं. चुकली तर खोडता येत नाही. कपाळ जमलं, डोळे जमले. तोंडाशी आलं की बिघडायचं. फडक्यामागून फडकं वाया गेलं.

बुद्धपौर्णिमेला भुसावळहून लेक आली, यशोदा. फळीपुढे उभी राहिली.

"आबा, ही कोण?"

वनाने कुंचला करवंटीत ठेवला. "तुझी माय."

"डोळे तिचेच. पण ही गप बसलीय. माय कधी गप होती का?"

खरंच होतं. झुंबर भडगावकडची. 'आहे'ला ती अहिराणीत 'शे' म्हणायची, त्याला इथल्या बाया हसायच्या, तशी ती मुद्दाम जोरात बोलायची. घड डोक्यावर घेऊन ओरडायची, "बठ्ठं मन्हाच डोकावर शे!" सगळा भार म्हणे हिच्याच डोक्यावर! आणि स्वतःच हसत सुटायची.

"तेच हसणं आठवत नाही मले," वना म्हणाला. "रात्रंदिवस शोधतो."

"कसं सापडेल? ती पदराआड हसायची, आबा."

वनाला लख्ख आठवलं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत झुंबर मळ्यातल्या ओल्या सरीत घडासकट घसरली होती. पुढचा दात अर्धा तुटला. मालक धावत आला आणि विचारलं काय, तर घड चेंदला का! त्या दिवसापासून हसू आलं की तिचा पदर तोंडावर. घरातसुद्धा. त्याआधीचं हसू वनाने नीट बघून ठेवलं नव्हतं. तेव्हा कुणाला वाटलं होतं बघून ठेवावं?

त्याने नवं फडकं ताणलं. बारीक झालेले डोळे काढले. नाकाखाली पदर, तो धरणारी दोन बोटं. मग बापलेक उंबऱ्यात बसले. फडकं कोरंच दिसत होतं.

ऊन अंगणात सरकलं तशा रेघा वर येऊ लागल्या. आधी भुवई. मग बोटं. मग हसण्याने बारीक झालेले डोळे.

"माय!" यशोदाने हाक मारली, झुंबर मळ्यातून परत येताना दिसावी तशी.

वना उठून फळीजवळ गेला. मग लेकीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाला,

"आता तरी काढ की पदर."